भर चैत्रात बर्फ आला कुठून?

प्रश्न : आम्ही खर्डीजवळच्या एका पाड्यावर राहतो. चैत्रातली गोष्ट. दुपारी तीनपर्यंत असं ऊन होतं की अंगणात पाय ठेववत नव्हता. मग घाटाच्या बाजूने आभाळ काळं झालं, वारा सुटला आणि बोराएवढ्या गारा कोसळल्या. पंधरा-वीस मिनिटांत सगळं संपलं. घरावरचे सिमेंटचे पत्रे फुटले, तोडणीला आलेली भेंडी झोडपून निघाली, कैऱ्यांचा खच पडला. ओढ्यापलीकडच्या पाड्यावर मात्र एक गारही पडली नाही. तिथल्या लोकांना सांगितलं तर त्यांना खरंच वाटेना. मला विचारायचं आहे ते असं : एवढ्या उकाड्यात बर्फ आला कुठून? पावसाळ्यात आमच्याकडे धो धो पाऊस असतो, तेव्हा गारा का पडत नाहीत? आमच्यावरच पडल्या, शेजारी नाहीत, असं का? आणि झालेल्या नुकसानीचं काय करायचं?

(एक वाचक, खर्डी, ता. शहापूर)

उत्तर : ओढ्यापलीकडच्यांना खरं वाटलं नाही, हे तुमच्या पत्रातलं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. गारपिटीचा स्वभाव त्यात नेमका आला आहे. ती चिंचोळ्या पट्ट्यात पडते. तुमच्या नुकसानीचा कागद पुढे जिथे जिथे अडेल, तिथे हा चिंचोळा पट्टाच कारण असेल. म्हणून आधी आभाळाकडे बघू, मग घर आणि शेत, मग तलाठी कार्यालय.

बर्फ कुठून आला? तो वरच होता. भर एप्रिलमध्येही खर्डीच्या वर साडेचार-पाच किलोमीटरवर हवेचं तापमान शून्य अंश असतं. कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. तिच्या तिप्पट उंचीवर गेलं की पाणी गोठण्याची पातळी लागते. त्याच्याही वर हवा थंडच होत जाते. वळवाचा ढग बारा ते पंधरा किलोमीटरपर्यंत चढतो आणि त्याचा माथा उणे चाळीस अंशांच्याही खाली गेलेला असतो. जमीन तापून फुटायची वेळ आलेली असते, त्याच वेळी त्याच जागी डोक्यावर बर्फाचं कोठार उभं असतं.

तापलेल्या जमिनीला लागून असलेली हवा हलकी होऊन वर उठते. तिच्यात ओलावा भरपूर असला तर वर जाताना वाफेचं पाणी होतं, त्यातून उष्णता बाहेर पडते आणि हवा आणखी जोराने वर धावते. शून्य अंशाची रेषा ओलांडल्यावरही पाण्याचे थेंब लगेच गोठत नाहीत. गोठायला आधार मिळाला नाही तर ते उणे दहा, उणे वीस अंशांतही पाणीच राहतात. अशा थेंबांच्या गर्दीत बर्फाचा एखादा कण सापडला की थेंब त्याच्यावर आदळतात आणि तिथल्या तिथे गोठतात. कण वाढत जातो. थेंब सावकाश गोठला तर थर काचेसारखा पारदर्शक होतो, झटकन गोठला तर हवेचे बुडबुडे आत अडकून थर पांढरा होतो. मोठी गार सुरीने मधोमध कापली तर कांद्यासारखे पापुद्रे दिसतात ते यामुळेच. पूर्वी पाठ्यपुस्तकांत असं शिकवत की गार ढगात अनेकदा वर-खाली होते आणि प्रत्येक फेरीला एक थर चढतो. आता हवामानशास्त्रज्ञ मानतात की बऱ्याच गारा एकाच लांब प्रवासात, वर ढकलणाऱ्या वाऱ्यावर तरंगत, कमी-जास्त पाणी असलेल्या भागांतून जाताना वाढतात.

वाऱ्याला गार पेलवते तोवर ती वर राहते. सेंटीमीटरभराची गार पेलायला वर जाणारा वारा ताशी पस्तीस-चाळीस किलोमीटरचा लागतो. लिंबाएवढी पेलायची तर ताशी शंभरच्या आसपास. वजन वाऱ्याला झेपेनासं झालं की ती सुटते. पाच किलोमीटर खाली यायला तिला पाच-सहा मिनिटं लागतात. बारीक गार वाटेत विरघळते आणि टपोऱ्या, गारठलेल्या थेंबांच्या रूपाने अंगावर येते. मोठी गार विरघळायच्या आत जमीन गाठते.

आता पावसाळ्याचा प्रश्न. आषाढात शहापूर-मुरबाडला दिवसच्या दिवस पाऊस कोसळतो आणि तानसा, वैतरणा, भातसा भरून वाहतात, पण तेव्हाचं आभाळ वेगळं असतं. हवा खालपासून वरपर्यंत दमट असते. जमीन भिजून गार झालेली असल्यामुळे हवा उसळी मारत नाही, ती डोंगराला अडून संथपणे वर चढते. शून्य अंशाची पातळीही आणखी वर, साडेपाच किलोमीटरच्या आसपास सरकलेली असते. बहुतेक पाऊस त्या रेषेच्या खालीच तयार होतो. पाणी उदंड असतं, पण गार पेलणारा वारा नसतो.

फाल्गुन-चैत्रात उलट स्थिती होते. भूमध्य समुद्राकडून इराण-पाकिस्तानमार्गे उत्तर भारतात येणारे पश्चिमी विक्षोभ कधी कधी दक्षिणेकडे खोल उतरतात आणि वरच्या थरात थंड, कोरडी हवा ओततात. खाली अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर या दोन्हींकडून ओलावा येतो. खाली ऊन आणि वाफ, वर थंडी, यांची गाठ पडली की वळीव पेटतो. खर्डीची जागा या गाठीसाठी सोयीची आहे. दुपारी समुद्रावरचा खारा वारा ठाणे-कल्याण ओलांडून कसारा घाटाच्या पायथ्यापर्यंत दमट हवा आणतो. पुढे सह्याद्रीची भिंत आहे. तिच्या अंगाखांद्यावर ढग उभे राहतात, आणि वरचे वारे पूर्वेचे असले की ते खाली तुमच्याकडे ढकलले जातात. म्हणून तुमच्याकडचा वळीव बहुधा घाटाच्या बाजूने येतो. विदर्भ-मराठवाड्याच्या मानाने कोकणपट्टीत गारपीट कमी, पण घाटाच्या पायथ्याचे तालुके त्यातून सुटत नाहीत.

तुमच्यावरच का, हा प्रश्न उरतो. गार ढगभर तयार होत नाही. वर जाणाऱ्या वाऱ्याचा जो सर्वांत जोरकस गाभा असतो, त्याच्या आसपासच होते. हा गाभा काही किलोमीटर रुंदीचा असतो. ढग पुढे सरकत जातो तसा त्याच्याखाली गारांचा लांबट पट्टा पडत जातो. पट्ट्याची कड एखाद्या ओढ्यावर किंवा रस्त्यावर येऊ शकते, आणि मग अलीकडे उद्ध्वस्त शेत आणि पलीकडे उभं पीक असं दृश्य दिसतं. यात कुणाच्या पाप-पुण्याचा, देवाच्या कोपाचा संबंध नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण नुकसान झालेल्या घराला असं काही ऐकवणारे लोक गावोगावी भेटतात.

आकाराचं म्हणाल तर तुमच्याकडची बोराएवढी गार मध्यमच म्हणायची. बांगलादेशातल्या गोपालगंजला १४ एप्रिल १९८६ रोजी १.०२ किलो वजनाची गार पडल्याची नोंद आहे. गारपिटीतल्या मनुष्यहानीचा जगातला सर्वांत मोठा आकडा आपल्याच देशातला, उत्तर प्रदेशातल्या मुरादाबाद भागातला आहे. ३० एप्रिल १८८८ रोजी तिथे २४६ माणसं दगावली. जागतिक हवामान संघटनेने २०१७ मध्ये हा आकडा अधिकृत विक्रम म्हणून नोंदवला. महाराष्ट्राच्या आताच्या पिढीला आठवते ती २०१४ ची गारपीट. त्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्याच्या बहुतेक भागांत ती पुन्हा पुन्हा झाली. गहू, हरभरा, द्राक्षं, डाळिंबं गेली, जनावरं आणि पाखरं मेली. बारामतीजवळ माळेगावला राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी त्यानंतर गारपिटीनंतर पिकांची काळजी कशी घ्यायची यावर सविस्तर सल्ला तयार केला.

गार अडवता येते का, असंही अनेकजण विचारतात. नागपूर-वर्ध्याकडे गारपगारी नावाचा एक समाज आहे. गावावर येणारी गारपीट परतवणं हे त्याचं परंपरेचं काम. आभाळात लाल-काळे ढग दिसले की गारपगारी तलवार घेऊन मारुतीपुढे उभा राही, आधी विनवणी करी, मग स्वतःचा जीव देण्याची धमकी देई. या कामासाठी शेतकऱ्यांकडून त्याला धान्य मिळत असे. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये छापलेल्या मध्य प्रांतातल्या जाती-जमातींच्या ग्रंथात हे वर्णन आहे. मला त्यात अंधश्रद्धेपेक्षा शेतकऱ्याची लाचारी जास्त दिसते. वर्षाची कमाई वीस मिनिटांत जाते आणि हातात काहीच नसतं, तेव्हा माणूस कुणाला तरी उभं करतोच. आज हिमाचलातल्या सफरचंदाच्या बागांत आवाजाच्या तोफा लावतात. त्यांनी गार फुटते याला शास्त्रीय आधार नाही, असं जागतिक हवामान संघटनेचं मत आहे. खरा उपयोग होतो तो जाळीचा. बागेवर ताणलेली जाळी गार झेलते. नाशिकला द्राक्षांवर प्लॅस्टिकचं आच्छादन घालणारेही आहेत. पण वीस गुंठे भेंडी करणाऱ्याला हा खर्च परवडत नाही, आणि तो करा असं मी तुम्हाला सांगणार नाही.

परवडतं ते सावध राहणं. हवामान खात्याचं मुंबई केंद्र कुलाबा आणि वेरावलीच्या रडारवर ढग बघून पुढच्या तीन तासांचा इशारा देतं. तो जिल्हानिहाय असतो, तुमच्या पाड्याचं नाव त्यात येणार नाही. तरी ठाण्यासाठी विजांसह वादळी वाऱ्याचा इशारा आला असेल आणि घाटाकडे आभाळ काळवंडलं असेल तर दोन्ही मिळून पुरेसा अंदाज येतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ हे ॲप आसपास पडणाऱ्या विजा दाखवतं. तेही फोनमध्ये असू द्या.

अंगावर पडणाऱ्या गारेपेक्षा तिच्यासोबत येणारे वारा आणि वीज जास्त जीव घेतात. गारा विरघळताना आणि पाऊस वाटेत सुकताना हवा गारठते, जड होते आणि जमिनीवर आदळून चहूकडे पसरते. गारांच्या आधी सुटणारा तो थंडगार सोसाटा हाच. पत्रे उडतात, झाडं मोडतात ती त्याच्यामुळे. अकोला जिल्ह्यात पारसला ९ एप्रिल २०२३ रोजी वादळात मंदिराच्या पत्र्याच्या शेडवर कडुलिंबाचं मोठं झाड कोसळलं आणि आत आसऱ्याला थांबलेल्यांपैकी सातजण गेले. म्हणून झाडाखाली तर नकोच, पण मोठ्या झाडाला लागून असलेल्या शेडमध्येही नको. चैत्र-वैशाखात तुमच्याकडे बायका हंडे घेऊन लांबच्या विहिरीवर असतात, पोरं गुरांमागे रानात असतात, नेमकी त्याच वेळी ही दुपारची वादळं येतात. उघड्यावर सापडलात तर हंडा, कोयता, छत्री बाजूला ठेवा, सखल जागी पाय जुळवून उकिडवं बसा. डोक्यावर पाटी, टोपलं, जाड कापड, जे असेल ते घ्या. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर धरायचा. तीस सेकंदांच्या आत गडगडाट आला तर घरात जायची वेळ झाली, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. गारा वेचायला धावणाऱ्या पोरांना हे आधीच सांगून ठेवा. गार वेचण्यातला आनंद मला ठाऊक आहे, पण वीज थांबल्यावरही वेचायला गारा उरतात. खाऊ मात्र देऊ नका. गारेत आभाळातली धूळ आणि जंतू गोठलेले असतात.

वादळ गेल्यावर माणसं पहिली धाव छपराकडे घेतात, आणि तिथेच दुसरा अपघात होतो. तुमच्या घरावर सिमेंटचे पत्रे आहेत. गारांनी त्यांना बारीक तडे जातात, जे वरून दिसत नाहीत. अशा पत्र्यावर पाय दिला की तो मोडतो आणि माणूस थेट खाली येतो. चढायचंच असेल तर वाशांच्या रेषेत आडवी फळी टाकून तिच्यावरूनच सरका, खाली एकाला उभं करा. अशा पत्र्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस असतं. त्याची धूळ फुप्फुसात गेली तर कित्येक वर्षांनंतर आजार उठतो. म्हणून तुकडे आणखी फोडू नका, कोरडे झाडू नका. पाणी मारून ओले करा, पोत्यात भरा, पोरांच्या खेळायच्या जागेपासून दूर ठेवा. तात्पुरती ताडपत्री घाला आणि कडा दगडांनी न दाबता दोरीने वाशांना बांधा, कारण पुढच्या वाऱ्यात तेच दगड खाली येतात. कौलं असतील तर नवं छप्पर घालताना शे-पन्नास कौलं जास्तीची आणून मागच्या दारी रचून ठेवायची जुनी पद्धत फार शहाणपणाची होती. तुटलेल्या तारेजवळ जाऊ नका, १९१२ वर महावितरणला कळवा. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे.

मात्र काहीही उचलण्याआधी, झाकण्याआधी, झाडण्याआधी फोटो काढा. याचं कारण पुढे येतं.

भेंडीचं बघू. शहापूर-मुरबाडची भेंडी मुंबईच्या बाजारात जाते, परदेशीही जाते, आणि निर्यातीला डागी फळ चालत नाही. त्यामुळे झाडावरची मार लागलेली सगळी फळं काढून टाका, ती ठेवली तर झाडाची ताकद वाया जाते. शेंडा शाबूत असेल किंवा खोडावर डोळे जिवंत असतील तर पीक मोडू नका. सरीत साचलेलं पाणी आणि गारांचे ढीग बाहेर काढा, मोडलेल्या फांद्या धारदार कोयत्याने स्वच्छ कापा. जखमांतून बुरशी शिरते, म्हणून दोन दिवसांत कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला अडीच-तीन ग्रॅम या प्रमाणात फवारा, आणि पुढची तोडणी पाकिटावर लिहिलेला काळ संपल्यावरच करा. वाफसा आला की हलकी खुरपणी आणि नत्राचा थोडा हात द्या. एक टक्का युरियाची फवारणीही चालते. निम्म्याहून जास्त शेंडे मोडले असतील तर मात्र हळहळत बसण्यापेक्षा पीक काढून टाकणं बरं. फक्त पंचनामा झाल्यावर.

आंब्याच्या फाटलेल्या फांद्यांना बोर्डो पेस्ट लावा. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं भिजवायचं, मग एकत्र करायचं, लोखंडी भांडं वापरायचं नाही. खाली पडलेल्या कैऱ्या त्याच दिवशी गोळा करा. न फुटलेल्या लोणच्याला आणि पन्ह्याला जातात, फुटलेल्यांच्या फोडी उन्हात वाळवून आमचूर होतं. भाव पडेल हे खरं, कारण पट्ट्यातल्या सगळ्यांच्याच कैऱ्या एका दिवशी बाजारात येतात. झाडाखाली कैरी सडू दिली तर फळमाशी वाढते आणि वाचलेला आंबाही जातो. गुरांना कैऱ्यांच्या ढिगावर सोडू नका, कोय घशात अडकते. भिजलेली गुरं पुसून कोरड्या गोठ्यात बांधा, गारठ्याने शेळीची करडं आधी जातात.

भेंडी-आंबा निदान कागदावर दिसतात. तुमच्या भागातलं बरंच नुकसान कागदावर कुठेच दिसत नाही, आणि मला जास्त काळजी त्याची वाटते. चैत्रात पहाटे मोहाची फुलं वेचून वाळवणाऱ्या ठाकूर, कातकरी, वारली घरांची मोहफुलं एका भिजण्यात काळी पडतात. मोह हे पीक नाही, वनोपज आहे, त्यामुळे त्याचा पंचनामा होत नाही. गवताची गंजी वरून ओली झाली की आतून कुजते. वीटभट्टीवर थापलेल्या कच्च्या विटांचा चिखल होतो, आणि थापणाऱ्या मजुराला त्या विटांची मजुरी मिळेलच असं नाही. तो मजूर राहतो कशात? दिवाळीनंतर भट्टीवर गेलेली कातकरी कुटुंबं पावसाळ्यापर्यंत प्लॅस्टिक, गवत आणि विटांच्या आडोशात राहतात. गारेपासून सर्वांत उघडी तीच.

आता मदतीचं. गारपीट केंद्राच्या अधिसूचित आपत्तींच्या यादीत आहे. अवेळी पाऊस आणि वीज कोसळणं राज्याने स्वतःच्या यादीत घेतलं आहे. म्हणजे मदत मागणं हा तुमचा हक्क आहे, कुणाच्या शिफारशीची गरज नाही. पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असलं पाहिजे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२-२३ ते २०२५-२६ च्या निकषांत हेक्टरी कोरडवाहूला ८,५०० रुपये, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक फळपिकांना २२,५०० रुपये, दोन हेक्टरपर्यंत, असे दर होते. जमीन कितीही थोडी असली तरी अनुक्रमे १,०००, २,००० आणि २,५०० रुपयांपेक्षा कमी रक्कम द्यायची नाही, असंही त्यात होतं. राज्य सरकार कधी यात भर घालतं. जानेवारी २०२४ च्या निर्णयाने दर वाढवून मर्यादा तीन हेक्टर केली होती, २०२५ मध्ये पुन्हा मूळ दर आले. तेव्हा तुमच्या तारखेला कोणता शासन निर्णय लागू होता ते तहसील कार्यालयात लेखी विचारा. त्याच निकषांत घराची किमान १५ टक्के पडझड झाली असेल तर पक्क्या घराला ६,५००, कच्च्याला ४,००० रुपये होते, आणि झोपडी मोडली किंवा नष्ट झाली तर ८,००० रुपये. दुभती गाय-म्हैस दगावली तर ३७,५००, शेळी-मेंढीला ४,०००. त्यासाठी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला लागतो, म्हणून मेलेलं जनावर लगेच पुरू नका.

पंचनामा तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून करतात. तिघांची पदनावं अलीकडे बदलली आहेत, माणसं आणि कामं तीच. इथे तो चिंचोळा पट्टा आडवा येतो. महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर त्या दिवशी चार मिलिमीटर पाऊस दिसेल, कदाचित शून्यही. गार मोजणारं यंत्र तिथे नाही. ओढ्यापलीकडे पीक उभं असेल, त्यामुळे ‘गावात फारसं नुकसान नाही’ असा शेरा सहज पडू शकतो. मग तुमच्याकडचा पुरावा हाच एकमेव पुरावा ठरतो. फोनमध्ये लोकेशन चालू करून शेताचे चारही बाजूंनी फोटो घ्या. एक फोटो गारांशेजारी रुपयाचं नाणं ठेवून काढा, गारा विरघळायच्या आत. तारीख आणि वेळ लिहा. तलाठ्यांना फोन केलात तरी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. सातबारा, आधार, बँकेचं पासबुक जोडा. यादीत नाव आल्यावर विशिष्ट क्रमांक मिळाला आणि ई-केवायसी करायला सांगितलं, तर ते सेवा केंद्रात लगेच करा, नाहीतर पैसे खात्यात येत नाहीत. अनेकांची मदत या शेवटच्या पायरीवर पडून राहते.

ई-पीक पाहणी केली नसेल तर सातबाऱ्यावर भेंडी दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याचं नुकसान दाखवणं कठीण जातं. वनहक्काच्या पट्ट्यावर पिकवणाऱ्यांनी वनहक्काचं प्रमाणपत्र आणि नकाशा अर्जाला जोडावा. तोंडी बोलीवर दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याचे मात्र हाल होतात. पीक त्याचं, कर्ज त्याचं, आणि मदत सातबाऱ्यावरच्या मालकाच्या खात्यात. मालकाशी आधीच साध्या कागदावर करार केला असेल तर निदान पैसे मागता येतात. ही तफावत सरकारने दूर करायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

विम्यावर फार भिस्त ठेवू नका. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत पूर्वी गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीची सूचना ७२ तासांत देऊन वैयक्तिक भरपाई मागता येत असे. २०२५ च्या खरिपापासून महाराष्ट्रात भरपाई पीक कापणी प्रयोगांतून निघालेल्या मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर ठरू लागली. पाच-सहा शेतं झोडपली गेली म्हणून मंडळाची सरासरी खाली येत नाही. दुष्काळ सगळ्यांवर सारखा येतो, त्याला हा हिशेब लागू पडतो. गारेला तो लागू पडत नाही. आंब्यासाठी हवामान आधारित फळपीक विमा आहे. त्यात गारपिटीचं संरक्षण वेगळा हप्ता भरून ऐच्छिक घ्यावं लागतं, आणि नुकसान ७२ तासांत कळवावं लागतं. पाच-दहा कलमं असतील आणि तुमचं मंडळ त्यात अधिसूचित असेल तर पुढच्या हंगामात अर्ज भरताना गारपिटीचा रकाना आवर्जून बघा.

एक विनंती मात्र तुम्हाला आणि तुमच्या ग्रामपंचायतीला आहे. येत्या ग्रामसभेत दोन ठराव मांडा. गारपिटीची एक नोंदवही ग्रामपंचायतीत ठेवावी, ज्यात तारीख, वेळ, गारेचा आकार, कोणत्या पाड्यावर पडली आणि कुठे नाही, हे दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी त्याच दिवशी लिहिलं जाईल. आणि गावच्या हद्दीतल्या वीटभट्ट्यांवर राहणाऱ्या कुटुंबांची, त्यांच्या झोपड्यांसह, यादी दरवर्षी दिवाळीनंतर करावी, म्हणजे झोपडीच्या मदतीचा पंचनामा करायला आलेल्या माणसाला ती घरं तिथे होती हे मान्य करावं लागेल. ओढ्यापलीकडच्या पाड्याच्या सह्या या दोन्ही ठरावांवर अवश्य घ्या.